नवीन का जुने?

मिरजेत वाढलेल्या माणसाला डॉक्टर शोधायची सवय नसते. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी 1894 मध्ये तिथं रुग्णालय सुरू केलं, 1962 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि त्यांच्या अवतीभवती गल्लोगल्ली दवाखाने उभे राहिले. बेळगाव, विजापूर, कोकण, गोवा अशा सगळ्या बाजूंनी माणसं तिथं आपलं दुखणं घेऊन येतात. स्टेशनवरच्या रिक्षावाल्याला नुसतं 'गुडघा' म्हटलं तरी पुरतं. अब्दुल करीम खाँसाहेब प्लेगच्या दिवसांत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आसऱ्याला आले, बरे झाले आणि मिरजेचेच झाले, असं आमच्याकडं सांगतात. खरं-खोटं मला माहीत नाही, पण मिरजेला ते शोभतं.

आमचा डॉक्टर घरापासून दीडशे पावलांवर होता. त्यांच्या वडिलांनी माझ्या सासऱ्यांना औषध दिलेलं. सासूबाई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या अम्मी, दवाखान्याच्या पायरीशी आल्या की कंपाउंडर बाकावरच्या एखाद्या पोराला उठवून त्यांना बसायला जागा करून द्यायचा. नंबर बिंबर काही नाही. डॉक्टर आतूनच ओरडायचे, "अम्मी, गुलाबजाम खाल्ला का ईदला?" अम्मींची चौदा वर्षांची शुगर त्या एका प्रश्नावर चालली होती म्हटलं तरी चालेल.

2024 च्या जूनमध्ये आम्ही उचगावला आलो. मिस्टरांची नोकरी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, माझी शाळा कोल्हापुरात. उर्दू माध्यमाची आहे, मी तिथं मराठी शिकवते आणि वरच्या वर्गांना थोडं उर्दूही. किती वर्षं मी मिरज-कोल्हापूर पॅसेंजरनं रोज जा-ये केली. वळिवडे स्टेशन गेलं की पर्स आवरायची, हे शरीराला पाठ झालेलं. शेवटी कर्ज काढून उचगावात दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचा फ्लॅट घेतला. कोल्हापुरात घर शोधताना आमच्या लोकांना काय काय ऐकावं लागतं ते या ब्लॉगच्या वाचकांना सांगायला नको. उचगावात ते कमी ऐकावं लागलं, एवढं नोंदवते आणि पुढं जाते.

घर बदलताना मी यादी केली होती. गॅसचं ट्रान्सफर, धाकट्याचा शाळेचा दाखला, रेशनकार्ड, आधारवरचा पत्ता, बँक, दूधवाला. डॉक्टर त्या यादीत नव्हता. कोणाच्याच यादीत नसतो. तो गावाबरोबर मिळतो असं आपण धरून चालतो, नळाच्या पाण्यासारखा.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी, मला अम्मींच्या चादरीवर डाग दिसला. पाय बघितला तर उजव्या करंगळीच्या बाजूला, तळव्याकडं, रुपयाएवढी जागा सोललेली. पावसाळी चपलेचा पट्टा घासला होता. आजूबाजूला लाल. आणि अम्मी म्हणतात, "दुखताच नै गे. अपनेच आप सुक जाता."

दुखत नव्हतं, हीच भीतीची गोष्ट होती. शुगर जुनी झाली की पायाच्या नसा बधिर होतात. तुमच्या-माझ्या पायाला खडा टोचला की पाय आपोआप उचलला जातो. त्यांच्या पायाला ती बातमी पोचतच नाही. त्यात रक्तपुरवठाही मंदावलेला असतो. जखम चालत्या पायाखाली रोज रगडली जाते, जंतू आत उतरतात, आणि माणूस म्हणत राहतो की दुखत नाही, बघू उद्या. मिरजेच्या आमच्या डॉक्टरांनी हे मला पुष्कळदा सांगितलं होतं, आणि आमच्या गल्लीत एका चाचांचा पाय घोट्याखाली गेलेला मी बघितलाही होता. त्यांचीही सुरुवात चपलेपासूनच झाली होती. म्हणून मी त्याच संध्याकाळी फोन हातात घेतला.

मिरजेला का नेलं नाही, असं कोणी विचारेल. आमचे डॉक्टर त्या महिन्यात मुलीकडं परदेशी गेले होते, आणि अम्मींना त्या पायानं पन्नास किलोमीटर नेऊन आणून दर दोन दिवसांनी ड्रेसिंग करायचं म्हणजे जखम भरण्यापेक्षा रगडलीच जास्त गेली असती. शिवाय आता राहायचं इथंच होतं. त्या आठवड्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आली, हे सोडून कोल्हापुरात दुसरा विषय नव्हता. बाहेर पडायचं तर आधी रस्ता चालू आहे का ते विचारायचं, असे दिवस.

पहिल्या दवाखान्याचा फोन चाळीस मिनिटं लागला नाही. लागला तेव्हा पलीकडून पहिला शब्द आला, "नवीन का जुने?" नवीन म्हटल्यावर बावीस दिवसांनंतरची तारीख मिळाली. मी सांगितलं, शुगरच्या पेशंटच्या पायाला जखम आहे. "मॅडम, सगळ्यांनाच काही ना काही असतंय," असं उत्तर आलं. खोटं नव्हतं ते. मी ती तारीख घेऊन ठेवली.

दुसऱ्या ठिकाणी सकाळी साडेसातला दारात येऊन वहीत नाव लिहायचं, मग दहा वाजता परत यायचं. शनिवारी मिस्टर साडेसातला गेले तर वही भरलेली होती. माणसं साडेपाचला येऊन लिहून गेली होती, आणि काही नावांपुढं तर एकाच अक्षरात पाच-पाच पेशंट होते. तिसरं एक मोबाइलवरचं ॲप. त्यावर माझी वेळ पक्की झाली, हिरवी खूण आली, ओटीपी आला. आम्ही रिक्षा करून गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ते आम्ही बघतच नाही हो. कोणी टाकलंय आमचं नाव त्याच्यावर काय माहिती." अम्मी पाय लांब करून रिक्षातच बसून होत्या. रिक्षावाल्यानं परतीचे पैसे घेतले नाहीत. नको म्हटलं तरी घेतले नाहीत.

भाषा शिकवणारी माणसं अशा वेळीही शब्दांशी खेळत बसतात, त्याला इलाज नाही. आपल्याकडं अपॉइंटमेंट 'घेत' नाहीत, 'नंबर लावतात'. हे क्रियापद किती बरोबर आहे बघा. झाड लावतात, कुलूप लावतात, वशिला लावतात, ओळख लावतात आणि नंबरही लावतात. म्हणजे त्याला काहीतरी खटपट करावी लागते, हात घालावा लागतो. सरकारी मराठीत याला 'पूर्वनियोजित भेट' की काय म्हणतील, पण तशी भेट उचगावात कोणी कोणाची घेतलेली मी ऐकली नाही. आणि या सगळ्याच्या मुळाशी दुसरा एक शब्द आहे, ओळख. उर्दूत जान-पहचान. मिरजेत आमच्याकडं डॉक्टर होता असं मी इतकी वर्षं समजत होते. खरं तर आमच्याकडं ओळख होती. सामानाच्या टेम्पोत सगळं आलं, ती तेवढी तिथं राहिली.

चौथा फोन मी सोमवारी मधल्या सुट्टीत शाळेतून केला. पलीकडच्या बाई बोलायला चांगल्या होत्या. काय होतंय, किती दिवस झाले, शुगर किती, सगळं विचारलं. कोणी पाठवलं तेही विचारलं. कोणी नाही म्हटलं. "बरं, नाव सांगा पेशंटचं." मी अम्मींचं पूर्ण नाव सांगितलं. पलीकडं थोडी शांतता. पानं उलटल्याचा आवाज. मग, "या आठवड्यात नाही बसणार हो. पुढच्या सोमवारी फोन करून बघा."

त्या शांततेवर मी फार विचार केला. ती तीन सेकंदांची असेल.

संध्याकाळी शेजारच्या काकूंना मी सहज सांगितलं. काकू खऱ्या अर्थानं करवीरच्या, आवाज जिन्याच्या खालपर्यंत जाईल असा. "थांबा, मी लावते फोन. कसं देत नाहीत बघते." त्यांनी माझ्यासमोर लावला, स्वतःच्या गुडघ्यासाठी म्हणून. गुरुवारी अकरा. माझ्याकडं बघून त्यांनी डोळे मिचकावले. "झालं? आता अम्मींना माझ्या नावावर न्या. आत गेल्यावर कोण बघतंय आधार कार्ड."

आता यातून काय समजायचं? काकू त्या दवाखान्यात नऊ वर्षं जातात. त्यांची फाईल आहे. मी नवी. एवढ्यानं सगळं समजून घेता येतं. तरीही ती तीन सेकंद तशीच राहतात. आमच्यापैकी प्रत्येकाकडं अशी तीन-चार सेकंद जमा असतात: घरमालकाची, बँकेतल्या क्लार्कची, लॉजच्या काउंटरवरची. त्यातली कुठली खरंच नावामुळं होती आणि कुठली नुसती पान उलटायला लागलेली, हे कधीच कळत नाही. कोणी तोंडावर नाही म्हणालं तर निदान भांडता येतं. इथं समोरची बाई कदाचित खरंच डायरीत रिकामी ओळ शोधत असेल, आणि मी तिच्यावर मनातल्या मनात खटला चालवत असेन. दोन्ही शक्य आहे, आणि दोन्हींचं ओझं माझ्यावरच.

हा संशय काही आभाळातून पडत नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये मेरठच्या एका रुग्णालयानं वर्तमानपत्रात जाहिरात देऊन मुस्लिम पेशंटांनी कोरोनाची तपासणी करूनच यावं असं छापलं होतं; नंतर माफी मागितली. 2021 मध्ये ऑक्सफॅम इंडियाची पाहणी आली, तीत साधारण एक तृतीयांश मुस्लिमांनी दवाखान्यात धर्मामुळं वेगळी वागणूक मिळाल्याचं सांगितलं. दलित आणि आदिवासींमध्येही असं सांगणारे पाचात एकाहून जास्त होते. हे वाचलेलं डोक्यात असतं, आणि मग पान उलटल्याचा आवाजसुद्धा वेगळा ऐकू येतो. आमच्या स्टाफरूममध्ये एक बाई म्हणाल्या, तू उगीच मनाला लावून घेतेस. दुसऱ्या म्हणाल्या, शंभर टक्के तेच असणार. दोघींच्या खात्रीचा मला हेवा वाटला.

काकूंच्या नावावर मात्र मी अम्मींना नेलं नाही. काकूंना ते लागलं असावं, म्हणून त्यांना कारण नीट सांगितलं. अम्मींना सल्फाच्या गोळ्या चालत नाहीत. एकदा दिल्या तेव्हा अंगभर फोड उठले होते, आणि मिरजेच्या फाईलवर ते लाल शाईनं लिहिलेलं आहे. काकूंच्या फाईलवर ते नाही. उलट काकूंची रक्तदाबाची गोळी आहे, जी अम्मी घेत नाहीत. दुसऱ्याच्या नावानं आत गेलं की दुसऱ्याच्या शरीरावरचा इलाज आपल्याला होतो. तपासणीचे आकडे त्यांच्या कागदावर चढतात, पुढच्या वेळी डॉक्टर काकूंना बघतात आणि त्यांना शुगर आहे असं धरून चालतात. काकू गंभीर झाल्या. "ह्ये माझ्या डोक्यातच आलं नाही बगा." अम्मींचं कारण वेगळं होतं. त्या म्हणाल्या, "उनो आवाज देंगे तो मैं उठूंगीच नै. मेरा नाम किदर है उसमें?"

इथं डॉक्टरांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. एका दिवसात साठ-सत्तर पेशंट बघणारा माणूस जुन्यांना पुढं घालतो, कारण जुन्याला पाच मिनिटं लागतात आणि नव्याला वीस. पूर्वी हे वीस मिनिटांचं काम फॅमिली डॉक्टर करायचा. पहिल्यांदा ऐकायचं, चाचपायचं, आणि गरज असेल तरच मोठ्याकडं चिठ्ठी द्यायची. ती जात आता संपत चालली आहे. डॉक्टरांची मुलं डॉक्टर झाली तरी हृदयाची नाहीतर हाडांची होतात. सर्दी-तापाच्या पाटीखाली बसायला कोणी तयार नाही. त्यांचंही चूक नाही, शिक्षणाचा खर्च कोणी भरून द्यायचा? पण परिणाम असा की गावात नव्यानं आलेल्याला पहिली पायरीच नाही, थेट माडीवर उडी मारायची.

लेस्टरला मिस्टरांची चुलत बहीण असते. तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, इकडं घर बदललं की पहिलं काम जवळच्या जीपीकडं नाव नोंदवणं. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून नियमानं ते नाकारू शकत नाहीत. मी म्हटलं, काय सुख आहे तुम्हाला. तर ती हसली. "भाभी, नाव लगेच लागतं. भेटीसाठी सकाळी आठ वाजता फोन करायचा, तेव्हा अख्खं गाव फोन करत असतं." म्हणजे रांग तिकडंही आहे. फरक एवढाच की कुठल्या रांगेत उभं राहायचं ते तिकडं नव्या माणसाला पहिल्या दिवशी माहीत असतं.

आपल्याकडं कागदावर तशी सोय नाही असं नाही. सपाटीवरच्या भागात पाच हजार लोकांमागं एक उपकेंद्र, तीस हजारांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे माप ठरलेलं आहे. पण लोक मोजायचे कधी? 2011 नंतर जनगणनाच झाली नव्हती. त्यानंतर उचगावात किती बिल्डिंगा उभ्या राहिल्या ते महामार्गावरच्या पुलावरून जाताना नुसतं डावी-उजवीकडं बघितलं तरी कळतं. त्या बिल्डिंगांतले आम्ही कुठल्याच आकड्यात नाही. त्यात उचगाव म्हणजे कोल्हापूरला चिकटलेलं पण कोल्हापूर नसलेलं गाव. महापालिका 1972 साली झाली, आणि तेव्हापासून शहराची हद्द इंचभरही सरकलेली नाही. हद्दवाढ पाहिजे म्हणणारे आणि नको म्हणणारे दोघंही आलटून पालटून आंदोलन करतात. नको म्हणणाऱ्यांची कारणं मला आता पटतात, घरपट्टी मीही भरते. पण रस्त्याच्या अलीकडं जिल्हा परिषद आणि पलीकडं महापालिका असली की नव्या माणसाला आपला दवाखाना कुठल्या बाजूला ते कळत नाही.

मंगळवारी दुपारी बेल वाजली. दारात गुलाबी साडीतल्या एक बाई, हातात कागदांचा गठ्ठा, छत्री गळतेय. आशा ताई. तीस वर्षांवरच्या माणसांचा फॉर्म भरायला आल्या होत्या: शुगर आहे का, बीपी आहे का, तंबाखू खाता का. ग्रामीण भागात साधारण हजार माणसांमागं एक आशा असते, तिला पगार नसतो, मानधन आणि कामागणिक मोबदला असतो. नाव विचारलं. अम्मींनी सांगितलं. ताईंनी लिहिलं. मधे शांतता नव्हती, एका अक्षरापाशी अडल्या तर सरळ विचारलं, "जोडाक्षर कसं काढू हो मॅडम, तुम्ही शिकवताय ना?" मग शुगरच्या रकान्यावर आल्यावर म्हणाल्या, "पाय दाखवा." फॉर्ममध्ये होतं म्हणून की त्यांच्या स्वभावात होतं म्हणून, मला सांगता येणार नाही. पाय बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला. "किती दिवस? आणि घरात बसून आहात? अपॉइंटमेंट कसली बघताय? हे आज दाखवायचं असतंय."

ताई आम्हाला घेऊन गांधीनगरच्या वसाहत रुग्णालयात आल्या. उचगावच्या शेजारचंच गाव, पण तोवर मला ते फक्त कापडाच्या ठोक बाजारासाठी माहीत होतं. दुसऱ्या महायुद्धात, 1943 ते 1948, याच वळिवड्याच्या माळावर पाचेक हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुलं. त्या छावणीला स्वतःचं रुग्णालय होतं, शाळा होत्या. ते गेले आणि फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली. जी माती दोन वेळा परक्यांना घेऊन मोकळी झाली, तिथल्या दवाखान्याच्या नावात अजून 'वसाहत' आहे, हे मला त्या बाकावर बसल्या बसल्या फार आवडलं. केस पेपरला पैसे पडले नाहीत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ते माफ आहेत. नवीन का जुने हे कोणी विचारलं नाही. डॉक्टरांनी जखम धुतली, शुगर तपासली, ती 312 निघाली, आणि सीपीआरच्या सर्जरी विभागाला चिठ्ठी लिहून दिली. "उद्याच जा. आणि पायावर चालू नका, घरातसुद्धा."

बुधवारी आम्ही दसरा चौकात होतो. एका बाजूला छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, जवळच मुस्लिम बोर्डिंगची इमारत. 1906 मध्ये राजर्षी शाहूंच्या आधारानं तिचं काम सुरू झालं. माझे वडील शिक्षणासाठी तिथं राहिलेले. अम्मींना ते दाखवत मी व्हीलचेअर ढकलत होते आणि त्या म्हणत होत्या, "तेरे अब्बा का हॉस्टेल देखने को आए क्या अपन?" सर्जरीच्या ओपीडीत एक तरुण डॉक्टर होती, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिनं मेलेली कातडी कापून काढली, हाडापर्यंत गेलं आहे का ते एका सळईनं हलकेच चाचपून बघितलं, एक्स-रे करायला लावला. नायलॉनच्या बारीक धाग्याचं टोक तळव्याला ठिकठिकाणी टेकवून ती विचारत होती, कळतंय का? अम्मी दहापैकी सात वेळा गप्प. तेव्हा त्यांना स्वतःलाच पहिल्यांदा पटलं की पायात काही राहिलेलं नाही. मी सल्फाचं सांगितलं, तिनं केस पेपरवर लाल पेनानं लिहिलं. मग ती म्हणाली, "चप्पल कुठाय? ती आणा, मला बघायचीय." कोणत्या डॉक्टरनं पेशंटची चप्पल मागितलेली मी आजवर ऐकलेली नव्हती. आत हात घालून तिनं पट्ट्याची शिवण शोधली आणि मला तिथं बोट लावायला लावलं.

हाड वाचलं होतं. आठवडाभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं, एवढंच ती म्हणाली.

ज्यांच्या घरात शुगर आहे त्यांनी एवढं मात्र लक्षात ठेवा: रोज रात्री तळवे बघा, म्हाताऱ्या माणसाला वाकता येत नसेल तर आरसा धरा. पाय गरम पाण्यात टाकण्याआधी पाणी दुसऱ्यानं कोपरानं बघावं. जखम काळी पडली, वास आला, लाली वर चढली किंवा ताप आला तर कोणाच्याही वेळेसाठी थांबू नका, सरळ अपघात विभागात जा. तातडीच्या पेशंटवर उपचार करणं प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, मग दवाखाना सरकारी असो की खासगी, असं सर्वोच्च न्यायालयानं परमानंद कटारा खटल्यात 1989 मध्येच सांगितलं आहे. रुग्णहक्कांची सनद केंद्रानं 2019 मध्ये राज्यांना पाठवली. त्यात धर्म-जातीवरून भेद न होण्याचा हक्क आहे. 2021 च्या नियमांनुसार महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. तुमच्या दवाखान्यात ती कुठं लावलीय ते एकदा बघा. नव्या पेशंटला किती दिवसांत वेळ द्यायची याबद्दल मात्र त्या सनदेत एक ओळही नाही.

पाच आठवडे ड्रेसिंग चाललं. पहिले दोन सीपीआरला, मग गांधीनगरला. काकू दोनदा बरोबर आल्या, मला शाळेतून सुट्टी मिळत नव्हती तेव्हा. कंपाउंडरशी त्या असं बोलायच्या की अम्मींचा नंबर येईपर्यंत सगळ्या रांगेला अम्मींची शुगर पाठ व्हायची.

आणि मधेच बावीस दिवस पुरे झाले. सकाळी मोबाइलवर मेसेज आला: आज आपली वेळ, नंबर 14. मिस्टर म्हणाले, आता कशाला? पाय भरत आलाय, पैसे जातील. मी म्हटलं, जाऊ दे पैसे. गावात राहायचंय. पाय भरला तरी शुगर आहेच, उद्या डोळे आहेत, किडनी आहे. आम्ही गेलो. डॉक्टर चांगले निघाले, सीपीआरचे कागद शांतपणे वाचले, "उत्तम काम केलंय त्यांनी," म्हणाले, इन्सुलिनचं प्रमाण थोडं बदललं. बाहेर आल्यावर काउंटरवरच्या मुलीनं फी घेतली, पिवळ्या पुठ्ठ्याची फाईल दिली आणि तिच्या कोपऱ्यावर जाड स्केच पेननं चार आकडे लिहिले.

"आता तुम्ही जुन्या," ती हसून म्हणाली. "पुढच्या वेळी फोनवर नुसता हा नंबर सांगा. नाव नाही सांगितलं तरी चालतंय."

अम्मींनी फाईल हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि मला विचारलं, यावर माझं नाव लिहिलंय ना? लिहिलं होतं. एक जोडाक्षर चुकलं होतं. मी पर्समधून पेन काढलं आणि तिथंच, काउंटरवर टेकवून, ते नीट केलं.